काळूराम करणे

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१७ नोव्हेंबर २०११

बा,

आधी खुशाली विचारायची असते, कळतं मला. आज जमणार नाही. चहाचा कप हातातून सुटला आणि फुटला, अजून उचललेला नाही. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि सांगायचं तर तुलाच, कारण गोष्ट तुझीच आहे.

तू उत्तर देणार नाहीस. मोबाइलवर माझं नाव दिसलं की तू तो उशीखाली सारतोस, हे हर्णैला तू ज्याची जाळी विणतोस त्या मालकानंच मला सांगितलंय. पण पत्रं परत येत नाहीत, म्हणजे तू ती घेतोस, आणि घेतोस म्हणजे वाचतोस. गावाचं नाव माझ्यापुढं काढायचं नाही, असं बजावून गेला होतास. आजवर नाही काढलं. आज काढतेय. राग आला तर ये इथं आणि भांड.

आज बारावीच्या वर्गात धड्यात बॉयकॉट हा शब्द आला. तुला माझी खोड ठाऊक आहे, शब्द कुठून आला ते सांगितल्याशिवाय माझं पान उलटत नाही, पोरं जांभया देईनात का. म्हटलं, ऐका रे, हे क्रियापद म्हणजे एका माणसाचं आडनाव आहे. सव्वाशे वर्षांमागं आयर्लंडात बॉयकॉट नावाचा कप्तान होता, एका बड्या जमीनदाराचा कारभारी. पीक बुडालं, कुळं म्हणाली खंड कमी करा. ह्यानं ऐकलं तर नाहीच, उलट घरं खाली करायच्या नोटिसा काढल्या. लोकांनी त्याला बोट लावलं नाही. नुसतं सोडून दिलं. गडी काम टाकून गेले, दुकानदार माल देईना, कपडे धुवायला माणूस मिळेना. उभं पीक काढायला परमुलखातून माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला पलटण. तिथल्या एका पाद्र्याला वाटलं, ह्या प्रकाराला नाव पाहिजे. इंग्रजीत जुना शब्द होता, पण तो शेतकऱ्यांच्या जिभेवर बसणारा नव्हता. तेव्हा म्हणाला, ज्याला केलं त्याचंच नाव देऊ या. कप्तान गाव सोडून गेला, शब्द मागं राहिला.

पोरांना आवडलं. मी खूश. तेवढ्यात प्रांजल उभी राहिली. मागच्या बाकावरची मुलगी, हुशार, पण वर्गात तोंड उघडत नाही. म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात पन असा शब्द हाय. आमी त्याला काळूराम करनं म्हनतो."

वर्ग हसला. मीही हसले, बा. काय ऐकलं ते डोक्यात शिरायच्या आत हसून मोकळी झाले.

विचारलं, गाव कुठलं तुझं? तर म्हणाली, "खाजणपाडा. जासईच्या पुढं, खाडीकडं." तिला काय ठाऊक, मॅडम त्याच खाडीच्या चिखलात लोळून मोठ्या झाल्यात. लग्नानंतरच्या आडनावावरून कोणाला कळणार. मी तिला बसवायला हवं होतं, बसवलं नाही. आणि ती बिचारी, मॅडमना आवडलं असं समजून उदाहरणं देत सुटली. गावकीचं ऐकलं नाही तर त्याचा काळूराम करतात. शेजारच्या घराचा मागं काळूराम केलेला, त्यांच्या हळदीला काळं कुत्रं गेलं नाही. "आणि मी जास्त बोलायला लागले तर आई वरडते, तोंड आवर, काळूराम होशील."

मी विचारलं, हा काळूराम कोण होता?

"कोन नाय, मॅडम. मानूस नाय तो. शब्द हाय नुसता."

मी खुर्चीत बसले. तास अजून बराच बाकी होता, पोरांना शांतपणे वाचा म्हटलं आणि फळ्याकडं तोंड करून बसून राहिले.

बा, त्या कप्तानानं निदान कुळांना रस्त्यावर आणायला काढलं होतं. तू काय केलंस? गावानं वाळीत टाकलेल्या सत्यवतीच्या पोराला साप चावला. कोणी होडी काढेना. तू काढलीस, उरणला नेलंस, पोर वाचलं. गावकी म्हणाली, गावदेवीपुढं नाक घास आणि चुकलो म्हण. तू म्हणालास, "उद्या परत चावला तर परत नेईन." एवढंच बोललास. मग दुकानात मीठ मिळेनासं झालं, होडी वर ओढायला हात मिळेनात. आई गेली तेव्हा खांदा द्यायला तू आणि दादा, आणि पनवेलहून मासळीवाला अली शेठ आपल्या अदीबला घेऊन आला म्हणून चौघं झाले. नाहीतर काय केलं असतं आपण? आणि त्यानंतर दादा फुटला. गावदेवीपुढं उभं राहून म्हणाला, काळूराम माझा बाप नाय. त्याच दिवशी तू गाव सोडलंस.

मला वाटायचं, गाव तुला विसरलं असेल. विसरलं असतं तर बरं झालं असतं रे. त्यांनी तुझं नाव ठेवलंय आणि तुला टाकून दिलंय. ती पोरगी उद्या लग्न होऊन कुठं तरी जाईल, तिथं हा शब्द नेईल. तिची पोरं म्हणतील.

मला फार राग आलाय. कोणावर, तेही नीट कळत नाही.

दमी


खांदा कॉलनी
२१ नोव्हेंबर

बा,

काल दादा आला होता. बस खाली आणि वाच, पत्र फाडू नकोस.

दार उघडलं तर समोर शैलेशदादा. अकरा वर्षांनी. केस पांढरे झालेत, आणि तुझ्यासारखाच डावा खांदा पाडून उभा राहतो. हातात पापलेटची पिशवी. मी पिशवी घेतली, फ्रिजमध्ये ठेवली आणि त्याला बस म्हटलं नाही. मग म्हटलं. रागावून किती वेळ उभं ठेवणार, चाळिशी ओलांडलेला माणूस.

म्हणाला, "रोशनीला मुलगा झाला."

बा, तुला नातू झाला. इतक्या वर्षांनी, सगळे डॉक्टर, सगळे नवस करून थकल्यावर. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते त्यानं पाहिलं आणि लगेच हिंमत करून म्हणाला, "रविवारी बारसा हाय. तुला याला लागंल. आत्याबिगर नाव कोन ठेवनार?"

म्हटलं, "इतकी वर्षं बहीण नको होती. आता आत्या लागली होय रे?"

मी प्रांजलचं सांगितलं. तो शब्द त्याच्या तोंडावर फेकला. त्याला धक्का बसेल असं वाटलं होतं, पण बसला नाही. धक्का मलाच बसला.

"रोज ऐकतो," म्हणाला. "दुकानात, बंदरावर, गावकीत. मी कवा तोंडातून काढला नाय, दमे. आईशप्पत. बाकीचे बोलतात तवा मी खोकतो."

"खोकतोस?"

"खोकतो."

मी हातातला पेला त्याच्या अंगावर फेकणार होते. बापाच्या नावावर खोकत बसलाय इतकी वर्षं. वाटेल ते बोलले त्याला. शेजारची जास्मीन दार उघडून डोकावून गेली, इतका माझा आवाज. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

निघताना म्हणाला, "रोशनीनं नाव काढलाय, आर्यन. कानात तेवढा सांग, जेव नि जा. अवधूत पाटील येनार, पंच येनार. तिथं काय बोलू नको. घरात तान्हा पोर हाय. तू काय बोललीस तर ते माझा पन…"

आणि थांबला. पुढचा शब्द त्याला उच्चारता येईना. वाक्य तसंच टाकून तो चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या, काढल्याच नव्हत्या त्यानं.

आता तू सांग मी काय करू. तुझ्या नावाला शिवी करणाऱ्या गावात जाऊन घुगऱ्या खाऊ? की भाच्याला आत्या नाही म्हणून सांगू?

दमी


२४ नोव्हेंबर

बा,

दोनदा फोन केला, वाजून वाजून बंद पडला. एक "जा" किंवा "जाऊ नको" एवढं म्हणायला तुझं काय जात होतं?

ठीक आहे. मी जाते. रागानं जातेय, हे लक्षात ठेव. झबलं घेतलंय, पिवळं.

दमी


खाजणपाडा
२८ नोव्हेंबर, सकाळ

बा,

आपल्या घरातून लिहितेय. ओटीवर बसलेय. माझ्याकडून काय झालंय ते ऐक. अजून माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही.

काल घर माणसांनी भरलेलं. बायका मला बघून पदर सावरून सरकल्या, पण आत्याला जागा द्यावी लागते, दिली. पाळण्याशी चंद्रावती आजी. जिनं तुला न्हाऊ घातलं, दादाला, मला, तीच. नजर गेली आहे, पण आवाज तसाच. पुरुष ओटीवर, मधोमध अवधूत पाटील, टोपी घालून. ज्यानं तुला गावाबाहेर काढलं तो माणूस आता इतका म्हातारा झालाय की पाट सोडून त्याला खुर्ची द्यावी लागते. दाराशी प्रांजल उभी होती. मला बघून तिचा चेहराच उतरला. मॅडम इथं कशा, हे तिला कळेना.

बायकांनी पाठीवर थापा द्यायला सुरुवात केली आणि मी वाकले. देवाशप्पत, आर्यनच म्हणणार होते. पण त्याचा कान पाहिला, बा. वरची कड दुमडलेली, तुझी आहे तश्शीच. माझ्या तोंडून निघालं, "कुर्र… काळूराम." हळूच. पाठीवर थापा चाललेल्या, कोणाला ऐकू गेलं नाही. मी सरळ झाले आणि मोठ्यानं म्हटलं, आर्यन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रोशनी हसली.

दादा पाळण्याची दोरी धरून उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

"कानात काय बोललीस?" म्हणाला.

मी मान हलवली. म्हटलं, सोड.

"मोठ्यानं बोल, दमे." त्याचा आवाज फुटला. "ओटीवर पाटील बसलाय, त्याला पन ऐकू दे. मी अकरा वर्सां नाय बोललो. तू बोल."

मी बोलले. ओटीवर ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात बोलते तशी. "काळूराम."

मला वाटलं, झालं. आता पाटील उठणार, पंच उठणार, आणि त्या पोराच्या बारशालाच त्याच्या बापाचं घर गावातून तोडणार. रोशनीनं बाळाला उचलून छातीशी धरलं.

तर चंद्रावती आजीनं कपाळावर हात मारून घेतला. "कवा गेला गो?"

मला कळेना. म्हटलं, कोण?

"काळूराम गो माझा. कवा गेला? कुटं गेला?"

आणि मी मूर्ख, शिकलेली, पोरांना शब्दांच्या कुळकथा सांगणारी, मी म्हणाले, "हर्णैला."

आजीनं हंबरडा फोडला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्यात जित्या माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत. आजा गेला, मग नातवाला त्याचं नाव. लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट, पनवेलला राहून साफ विसरले मी. नातवाच्या कानात तुझं नाव सांगून मी अख्ख्या गावाला सांगितलं होतं की तू मेलास.

बायका एकीमागून एक रडायला लागल्या. खोटं नाही रे, खरंच रडत होत्या. घुगऱ्यांचं पातेलं उचलून आत नेलं. कोणी पाळण्याची फुलं काढली. बंदरावर निरोप गेला आणि संध्याकाळच्या भरतीला एकही होडी निघाली नाही. काळूराम गेला म्हणून. मी खिडकीतून बघितलं, सगळ्या होड्या काठाला ओळीनं उभ्या. आईच्या वेळी त्याच होड्या आपल्या दारावरून गेल्या होत्या.

एक तरणा पोरगा ओटीवर म्हणाला, "कोन काळूराम? ते काळूराम करतात त्यातला?" चंद्रावती आजी आतून कडाडली, "मेल्या मानसाचा नाव असा घेतात काय रं? परत घेशील तर जीभ हासडीन." गावात कोणीच मग तो शब्द काढला नाही. प्रांजल माझ्याजवळ आली, "मॅडम, म्हंजे तो खरा मानूस?" म्हटलं, "माझा बाप." ती पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिला थोपटत राहिले, तू जिवंत आहेस हे सांगायचं सोडून.

आणि अवधूत पाटील. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला, कोणी धरायला गेलं तर हात झटकला. म्हणाला, "त्याच्या बायकोला आमी खांदा नाय दिला. म्हनलेलो, त्याला देऊ. तो परत येईल, म्हातारा होईल, मग देऊ. त्यानं तेवडा पन ठेवला नाय आमाला."

बा, मी त्या माणसाचा इतकी वर्षं द्वेष केला. कालही करत होते. त्या क्षणी काय वाटलं ते मला सांगता येत नाही.

मी दादाला शोधत मागच्या खोलीत गेले. तो भिंतीला टेकून खाली बसलेला, तोंड पांढरंफटक. "मला आदी सांगाचास तरी," म्हणाला. "मी त्याला बाप नाय म्हटला, तसाच गेला तो." त्यानंही खरं धरलं होतं. मी त्याला गदागदा हलवलं. म्हटलं, अरे खुळ्या, ठणठणीत आहे तो. परवाच फोन उचलला नाही माझा. मेलेला माणूस फोन उशीखाली ठेवत नाही.

तो तोंडावर हात दाबून हसायला लागला, आणि हसता हसता असा रडला की मी घाबरले. थोडा शांत झाल्यावर मी उठले. बाहेर जाऊन सांगते म्हटलं, नाहीतर भलतंच व्हायचं. त्यानं माझं मनगट धरलं.

"थांब," म्हणाला. "जिता हाय सांगितला तर गावकी बसंल. माफी माग म्हनतील, तो मागनार नाय, परत तेच. मेला हाय तर होडी निघते."

"कुठली होडी?"

"पाटलानं आपली होडी सांगितलेय. मयत तिथंच पडलाय असा धरून हर्णैला जाऊन आनाचा म्हनतो. गाडी नको, खाडीतला मानूस खाडीतूनच आनाचा. तो सोता येतो, चार मानसा घेऊन."

मी म्हटलं, हे पाप आहे. म्हणाला, "पाप कशाचा? मेला असा कोन बोलला? तू बोललीस? मी बोललो? त्यांचे ते रडले." आणि बा, मी बाहेर सांगायला गेले नाही.

सकाळी रोशनीनं विचारलं, "ताई, पोराचं नाव काय ते नक्की सांगा, मला हाक मारायची आहे." मी म्हटलं, आर्यन. तू जिवंत आहेस तोवर काळूराम हे नाव तुझंच. नातवालाही मिळायचं नाही आणि गावालाही.

पुढं काय होईल मला ठाऊक नाही. तुला जिता बघून पाटील हात जोडील की शिव्या घालील, सांगता येत नाही. दादाचं घर तुटेल की राहील, तेही नाही. फसवलं म्हणतील. म्हणू देत. त्यांना नवा शब्द शोधावा लागेल, कारण काल ज्याच्यासाठी रडले त्याचं नाव आता तसं घेता यायचं नाही. तुला यायचं नसेल तर तसं दादाच्या तोंडावर सांग, तो तेवढं ऐकायला तयार होऊन आलाय. पण उशीखाली सारू नकोस.

हे पत्र टपालानं येत नाही. दादाच्या हातात देतेय. तो एकटाच पुढं येईल, बाकीचे धक्क्यावर थांबतील. तू हे वाचत असशील तेव्हा तो समोर उभा असेल, डावा खांदा पाडून. त्याला बस म्हण. म्हणणार नाहीस हे माहीत आहे, तरी म्हण.

धक्क्यावर अवधूत पाटील चार खांदेकरी घेऊन तुझं मयत न्यायला थांबलाय. तू चालत जा.

दमी